‘मानवी चूक’ या दोन शब्दांपुढचे आम्हाला सांगा : संरक्षणविषयक स्थायी समितीला खुले पत्र

प्रति,
संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण जेटचा आवाज कानावर आला की अजून मान वर होते आणि तो आवाज दूर जाऊन विरेपर्यंत हातातले काम थांबते. लाइनवर, म्हणजे विमाने उड्डाणासाठी तयार करण्याच्या जागी, काम केलेल्या बहुतेकांची हीच गत आहे. आम्ही उडणाऱ्या विमानाकडे कौतुकाने बघत नव्हतो. ते नीट वर गेले ना, एवढेच बघत होतो.

हे पत्र आपल्यालाच लिहिण्याचे कारण आपल्याच समितीचा अहवाल आहे. डिसेंबर 2024 मध्ये संसदेपुढे आलेल्या त्या अहवालात तेराव्या संरक्षण योजनेच्या काळातील, म्हणजे 2017 ते 2022 मधील, हवाई दलाच्या 34 अपघातांची माहिती आहे. त्यांपैकी 19 अपघातांपुढे कारण म्हणून एकच नोंद आहे : मानवी चूक. म्हणजे विमानात बसलेल्या माणसांची चूक. आपण मागितली म्हणून ही माहिती बाहेर आली, नाहीतर आमच्यासारख्यांना ती कधीच दिसली नसती. त्याबद्दल मनापासून आभार. पण ती यादी वाचल्यापासून मला चैन नाही, कारण ‘मानवी चूक’ हे दोन शब्द मी एकदा फार जवळून ऐकले आहेत.

त्या दिवसाचे थोडे सांगतो. तळाचे नाव, विमानाचा प्रकार आणि साल लिहीत नाही. त्या वैमानिकाच्या घरच्यांच्या दुःखाची खपली मला पुन्हा काढायची नाही.

सकाळची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, होती. विमानाची तपासणी झाली, फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, आमच्या सह्या झाल्या, वैमानिकाने तो वाचला, विमानाला एक फेरी मारली, चाकांखाली वाकून पाहिले आणि स्वतःची सही करून विमान ताब्यात घेतले. माझ्या जोडीदाराने शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळले. संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या लाल रिबिनीच्या पिना काढल्या, त्याला मोजून दाखवल्या, त्याने मान हलवली. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, बंद झाली. मी चाकाचे अडथळे काढले आणि अंगठा वर केला. त्यानेही केला. पुढची काही मिनिटे नेहमीसारखीच गेली. धावपट्टीच्या टोकाला रिहीट, म्हणजे इंजिनाचा जादा जोर, लागल्याचा तो छातीत बसणारा आवाज आला, विमान पळाले, नाक उचलले गेले, चाके पोटात गेली. आणि मग आवाज बदलला. हे शब्दांत सांगणे कठीण आहे. रोज तोच आवाज ऐकणाऱ्या माणसाला त्यातली एक खाच लगेच कळते. आम्ही सगळे एकदम गप्प झालो. त्यानंतर झाडांच्या मागून धूर वर आला.

उड्डाणानंतरचे पहिले मिनिट किती अवघड असते, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेलच. तरी आमच्या भाषेत सांगतो. हवेत उंची म्हणजे वेळ. दहा हजार फुटांवर इंजिन बंद पडले तर वैमानिक विचार करू शकतो, पुन्हा चालू करून पाहू शकतो, तळाशी बोलू शकतो. दोनशे फुटांवर त्याच्या हातात दोन-तीन श्वास असतात. टाक्या काठोकाठ भरलेल्या असतात, विमान सर्वांत जड असते, वेग नुकताच कुठे धरलेला असतो. एका इंजिनाच्या विमानाला दुसरा आधार नसतो. आजच्या इजेक्शन सीट जमिनीवर उभ्या विमानातूनही माणसाला सुखरूप बाहेर फेकू शकतात, हे खरे. पण विमान एका अंगावर कलले असेल किंवा वेगाने खाली येत असेल, तर तीच सीट त्याला आडवी फेकते. आणि समोर घरे दिसत असतील तर वैमानिक हँडल ओढायला उशीर करतो. मार्च 2025 मध्ये अंबाल्याहून उडालेले जॅग्वार पंचकुला भागात कोसळले, तेव्हा वैमानिकाने ते आधी वस्तीपासून दूर नेले आणि मग उडी घेतली. तो वाचला. सगळे वाचत नाहीत. 1 फेब्रुवारी 2019 रोजी बंगळुरूच्या एचएएल विमानतळावर मिराज 2000 उड्डाण करतानाच कोसळले आणि स्क्वाड्रन लीडर समीर अब्रोल व सिद्धार्थ नेगी हे दोन निष्णात चाचणी वैमानिक गेले.

अशा अपघातात आणखी एक गोष्ट होते. भरल्या टाक्यांचे विमान पडले की पुरावाही जळतो. म्हणून जमिनीवरचे कागद आणि जमिनीवरची माणसे यांना फार महत्त्व येते. त्या सकाळी धूर दिसल्यावर अर्ध्या तासाच्या आत आमचा फॉर्म 700 सील झाला. ज्या बाऊजरमधून इंधन भरले होते तो बाजूला उभा करून त्यातले नमुने घेतले गेले. आमची अवजारे मोजली गेली. हे सगळे योग्यच होते, असेच व्हायला हवे. पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे, म्हणजे हवाई दलाच्या अंतर्गत चौकशी मंडळापुढे, मी जे केले, जे पाहिले, जे ऐकले ते सांगितले. चौकशी करणारे अधिकारी सज्जन होते, त्यांनी बारकाईने विचारले.

त्यानंतर कित्येक महिने मी रात्री उठून मनातल्या मनात त्या सकाळची तपासणी पुन्हा करायचो. हा नट, ती क्लिप, ही गळती तर नव्हती? एक दिवस कॅन्टीनमध्ये कोणीतरी सहज म्हणाले, “अरे, तुमच्या त्या केसचे कळले का? मानवी चूक.” मला सुटल्यासारखे वाटले, हे मी आज कबूल करतो. माझी चूक नव्हती. मग काही वेळाने दुसरे वाटले, ते आजतागायत गेलेले नाही. जो मुलगा मला अंगठा दाखवून गेला, त्याच्यावर सगळे ढकलून मी मोकळा झालो होतो. आणि ते खरे होते की नाही, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

सन्माननीय सदस्य, आता मुद्द्यावर येतो. ‘मानवी चूक’ म्हटले की बोट विमानातल्या माणसांकडे जाते, पण त्यामागे आणखी कोणाची आणि कधी झालेली चूक आहे, हे त्या एका रकान्यातून कळत नाही.

8 डिसेंबर 2021 चा कुन्नूरचा अपघात घ्या. जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी आणि बरोबरचे सर्वजण त्यात गेले. जानेवारी 2022 मध्ये तिन्ही दलांच्या चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले. यांत्रिक बिघाड नाही, घातपात नाही, निष्काळजीपणा नाही. दरीत हवामान अनपेक्षितपणे बदलले, हेलिकॉप्टर ढगांत शिरले, वैमानिकाला दिशेचे भान राहिले नाही आणि ते डोंगराला धडकले. हे वाचणाऱ्याला काहीतरी कळते. हवामानाचा अंदाज, दरीतला मार्ग, उंची, असे पुढचे प्रश्न तरी सुचतात. आपल्या अहवालातल्या यादीत त्याच अपघातापुढे उरले ते हे : मानवी चूक. चार ओळींचे दोन शब्द झाले आणि शिकण्यासारखे सगळे त्यातून गळून गेले. मग उरलेल्या अठरा नोंदींमागे कोणत्या चार ओळी आहेत?

दुसरे उदाहरण आमच्या पिढीच्या जिव्हारी लागलेले आहे. 2012 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते की, घेतलेल्या 872 मिग विमानांपैकी 482 विमानांना अपघात झाले आणि त्यांत 171 वैमानिक गेले. त्यातले कितीतरी कोवळे होते. किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावरून ते थेट मिग-21 वर येत. हे विमान ताशी तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावपट्टीवर उतरायचे. मधली पायरीच नव्हती. ही पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, हे एअर मार्शल डेनिस ला फाँतेन यांच्या समितीने 1982 मध्ये सांगितले होते. हॉक विमानांचा करार झाला 2004 मध्ये, आणि ती विमाने बिदरला दाखल झाली 2008 मध्ये. सव्वीस वर्षे. या सव्वीस वर्षांत एखादा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा वेग न सांभाळता आल्याने गेला, तर कागदावर ती त्याची चूक ठरते. मला हे मान्य नाही. चूक त्या फायलीचीही आहे, जी इतकी वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. पण फायलीसाठी आपल्या यादीत रकाना नाही.

पुण्याच्या कविता गाडगीळ यांचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांचा मुलगा, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित, 17 सप्टेंबर 2001 रोजी राजस्थानात सुरतगढजवळ मिग-21 च्या अपघातात गेला. दोष वैमानिकाच्या माथी मारण्याला त्यांनी जाहीर हरकत घेतली आणि वर्षानुवर्षे प्रश्न विचारत राहिल्या. इतर मुलांना तरी आधी जमिनीवर सराव करता यावा म्हणून गाडगीळ कुटुंबाने पुण्यात सिम्युलेटरवर प्रशिक्षण देणारी संस्था काढली. एका आईला उत्तर मिळवण्यासाठी इतके करावे लागावे, याचे मला त्या वर्दीतला माणूस म्हणून फार वाईट वाटते.

जाहीर अहवालाला विरोध करणारे जे म्हणतात, तेही मला ठाऊक आहे, आणि त्यातला अर्धा भाग मला पटतो. शत्रूला आपल्या विमानांच्या उणिवा कळतील, असे म्हणतात. आणि साक्षीदारांना आपले बोलणे उद्या छापून येईल असे वाटले तर ते खरे बोलणार नाहीत, असेही म्हणतात. हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण खरे बोलण्यावरच आमचे सगळे काम चालते. एकदा रात्रीच्या पाळीत माझा एक छोटा टॉर्च हरवला. आमच्याकडे अवजारांच्या फळीवर प्रत्येक अवजाराची रंगवलेली आकृती असते. अवजार जागेवर नसेल तर ती आकृती उघडी दिसते. मी ती उघडी जागा पाहिली आणि घाम फुटला. बाजारातून तसाच टॉर्च आणून लावता आला असता. मी जाऊन सांगितले. पहाटेपर्यंत विमान उघडून शोध घेतला, सकाळची सॉर्टी रद्द झाली, आणि टॉर्च सापडला तो हवा आत ओढणाऱ्या मार्गाच्या कडेला. इंजिन चालू झाले असते तर तो आत गेला असता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माझे नाव घेतले गेले तेव्हा मला वाटले, आता संपले. पण साहेबांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. चूक सांगणाऱ्याला सांभाळायचे, हे मी हवाई दलातच शिकलो.

म्हणूनच साक्षीदारांचे जबाब उघड करा, असे मी म्हणत नाही. अमेरिकेच्या हवाई दलात दोन वेगळ्या चौकशा होतात. एक फक्त सुरक्षिततेसाठी, तिच्यातले जबाब गुप्त राहतात. दुसरी अपघाताची अधिकृत चौकशी, तिचा अहवाल कुटुंबाला समजावून सांगितला जातो आणि लोकांसाठी प्रसिद्ध होतो. 2 मे 2018 रोजी जॉर्जियातील सव्हाना येथून उडालेले सी-130 मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेच महामार्गावर कोसळले, आतले नऊच्या नऊ जण गेले. सेवेतून काढलेल्या त्या विमानाचा तो अखेरचा प्रवास होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या इंजिनाची ताकद उड्डाणातच गेली, वैमानिकाने त्या प्रसंगी योग्य पावले उचलली नाहीत, हे त्यात लिहिले आहे. आणि हेही लिहिले आहे की, त्या इंजिनाचा दोष आधीच लक्षात आला होता, पण दुरुस्ती करणाऱ्यांना तो नीट ओळखता आणि सोडवता आला नाही. म्हणजे तिथेही मानवी चूकच होती, पण ती कॉकपिटमध्ये सुरू झाली नव्हती. हँगरमध्ये सुरू झाली होती. माझ्यासारख्या फिटरला हे वाचणे कडू आहे, पण हेच वाचून पुढचा फिटर दहा वेळा तपासेल. आणि सी-130 आजही जगभर उडते आहे. त्या अहवालाने कोणाचे गुपित फुटले नाही.

ब्रिटनचा धडा तर आणखी कडक आहे. 2 जून 1994 रोजी स्कॉटलंडमधील मल ऑफ किंटायर येथे त्यांचे चिनूक हेलिकॉप्टर धुक्यात डोंगरावर आदळून 29 जण गेले. पहिल्या चौकशीला कारण ठामपणे सांगता आले नव्हते. तरी वरच्या दोन अधिकाऱ्यांनी दोन्ही मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. त्यांचाच नियम होता की, मृत वैमानिकाला दोषी धरायचे तर शंकेला तिळमात्र जागा असता कामा नये. तो ठपका 2011 मध्ये रद्द झाला. सतरा वर्षे दोन कुटुंबे लढली. आणि 2006 मध्ये कंदाहारजवळ निमरॉड विमान जळून 14 जण गेल्यावर जी स्वतंत्र चौकशी झाली, तिने वैमानिकांच्या मागे, पार कंत्राटदार आणि मुख्यालयापर्यंत बोट नेले. त्यातून 2010 मध्ये लष्करी विमानांच्या सुरक्षिततेसाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली.

आपल्याकडे हे करायला कोणी अडवलेले नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम 8 सुरक्षेच्या माहितीला संरक्षण देते, पण कलम 10 सांगते की, गुप्त भाग वगळून उरलेले द्या. कुन्नूरच्या वेळी सरकारने स्वतःहून सारांश दिला. 12 जून 2025 रोजी अहमदाबादहून उडालेले एअर इंडियाचे विमान काही सेकंदांत कोसळले, तेव्हा नागरी विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेने महिनाभरात प्राथमिक अहवाल सगळ्यांसमोर ठेवला. त्यावर वादही झाले, होऊ द्या. पण कागद समोर होता. ती संस्था लष्करी विमानांच्या वाटेला जात नाही, म्हणून लष्करी अपघातात जमिनीवर मेलेल्या माणसालाही उत्तर मिळत नाही.

हो, जमिनीवरची माणसे. मे 2023 मध्ये सुरतगढहून उडालेले मिग-21 हनुमानगढ जिल्ह्यातील बहलोलनगर येथे एका घरावर पडले आणि तीन बायका गेल्या. वैमानिक बाहेर पडला होता. आमच्या नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात ओझरहून उडालेली सुखोई 30 विमाने दोनदा शेतांत पडली, 27 जून 2018 रोजी आणि 4 जून 2024 रोजी. दोन्ही वेळा वैमानिक सुखरूप सुटले आणि गावातले कोणी गेले नाही. पण ज्याच्या रानात ते पडले, त्याला आकाशात आवाज झाला की काय वाटत असेल, हे मला वेगळे सांगायला नको. शेजारच्या ढाक्यात 21 जुलै 2025 रोजी बांगलादेश हवाई दलाचे एफ-7 विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत उत्तरा भागातील शाळेवर कोसळले. तिसाहून अधिक जीव गेले, बहुतेक लहान मुले. त्या आया-बापांसमोर ‘मानवी चूक’ एवढेच ठेवायची कोणाची हिंमत होईल?

माझे मागणे फार नाही. संरक्षण मंत्रालयाकडून पुढची यादी येईल तेव्हा कारणाचा तो एक रकाना मान्य करू नका. चूक झाली असेल तर ती प्रशिक्षणातली, देखभालीतली, हवामानाच्या माहितीतली, विमानाच्या रचनेतली की खरोखर त्या क्षणाच्या निर्णयातली, हे वेगवेगळे मागा. प्रत्येक कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा गुप्त भाग वगळलेला सारांश ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध व्हावा, अशी शिफारस करा. मुदत आपणच ठरवा, पण ठरवा. तो प्रसिद्ध होण्याआधी एका जबाबदार अधिकाऱ्याने वैमानिकाच्या घरी जावे, समोर बसावे आणि त्यांच्या भाषेत समजावून सांगावे. आणि ज्या तळावरून विमान उडाले, त्याच तळाच्या अधिकाऱ्यांच्या साखळीतल्या लोकांवर चौकशीचा सगळा भार नको. तीत बाहेरचा, मुख्यालयाला उत्तरदायी नसलेला एक तरी जाणकार असावा.

आणखी एक, जे कोणी मागत नाही. तपासणी करून सह्या करणाऱ्या माणसांनाही बोलवा. इंजिन फिटर, एअरफ्रेम फिटर, इलेक्ट्रिशियन, शस्त्रास्त्रवाले, बाऊजर चालवणारा. निष्कर्ष कळल्यावर त्यांना एका खोलीत बसवून सांगा की, काय झाले. ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानावर सही करणार असतात. कॅन्टीनमधून नको, अफवेतून नको, अधिकृतपणे कळू द्या. ज्याची चूक असेल त्याला ती कळेल, ज्याची नसेल तो झोपू शकेल.

त्या सकाळी सील झालेला फॉर्म 700 कुठल्यातरी कपाटात असेल. त्याच्या शेवटच्या पानावर माझी सही आहे आणि खाली त्या मुलाची. त्या पानानंतर चौकशीत काय लिहिले गेले, तेवढे विचारा.

आपला नम्र,
एक निवृत्त इंजिन फिटर